विडोची दुरुस्ती

दिवाळीत नीळकंठ देवपुजारींच्या क्वार्टरची खिडकी निखळली. भोपाळची थंडी तोंडावर आलेली, त्यात पत्नी मनोरमाबाईंचा दमा. नीळकंठरावांनी टाउनशिपच्या ऑफिसात घाईघाईने इंग्रजीत अर्ज ठोकला. 'विंडो' लिहिताना मधला एन राहिला आणि मजकूर असा झाला : माझ्या क्वार्टरमध्ये एक विडो आहे, तिची तातडीने दुरुस्ती व्हावी.

दुरुस्ती विभागाने शेरा मारला, 'विधवा आमच्याकडे येत नाहीत,' आणि फाइल कल्याण विभागाकडे धाडली. तिथे विचार झाला, की विधवा आहे म्हणजे नवरा गेला असणार. महिनाभरात मनोरमाबाईंच्या नावे शोकपत्र आलं, सोबत क्वार्टर सोडायची नोटीस.

नीळकंठराव धावत ऑफिसात गेले. "अहो, मी जिवंत आहे!"

हेडक्लार्क बोकडे नागपूरकडचे. त्यांनी दोघांसाठी चहा मागवला. "दिसून राहिले ना तुम्ही. मी कुठं नाही म्हणतो? पण अर्जावर सही तुमचीच आहे."

"एक एन राहिला हो फक्त!"

"मंग तसा अर्ज द्या. पण मयताचा अर्ज आम्हाले घेता येत नाही. वहिनीले पाठवा."

मनोरमाबाई गेल्या. त्यांच्यासाठी एकच फॉर्म होता, विधवेचा. त्यांनी तो भरला आणि ऑफिसची उरलीसुरली शंकाही मिटली.

जानेवारीत सामान टेम्पोत चढत असताना सुतार आला.

"आत्ता?" मनोरमाबाईंनी खोकत विचारलं.

"क्वार्टर रिकामं झालं की दुरुस्ती होतेच, बाई."

नवी खिडकी बसली. नीळकंठरावांनी ती एकदा उघडून, लावून पाहिली. वारा जराही येत नव्हता.