एक तरी उणे

अठरावी चिप सॉकेटमध्ये बसवून तेजलने मीटर पाहिला. "अधिक चार पूर्णांक नऊ."

शीलाने वहीत आकडा लिहिला. वरच्या सतराही आकड्यांपुढे अधिकचंच चिन्ह होतं; हवं होतं शून्य.

अंबरनाथच्या त्या ऑफिसात माणसं सहा आणि चिपचं डिझाइन एकच, हृदयाचा आलेख काढणाऱ्या स्वस्त यंत्रासाठीचं. सर्किट तेजलचं. कुठला ट्रान्झिस्टर सिलिकॉनवर कुठे बसेल, तो लेआउट शीलाचा. चंदर सरांनी कॅम्प चारमधला वडिलांचा स्टॅबिलायझरचा कारखाना बंद करून हा धंदा मांडला होता. आता चिप बनून आल्या होत्या, पण छातीला तारा लावल्या की पडद्यावरची रेघ थेट वरच्या कडेला जाऊन चिकटायची. सर्किटचीच चूक धरून सरांनी तेजलला महिनाअखेर शेवटची असं सांगून टाकलं होतं.

"माझंच कुठेतरी गंडलंय," तेजल पुटपुटली. "कात्रपचा फ्लॅट सोडावा लागणार बघ."

शीलाने वहीतले आकडे पुन्हा वरून खाली वाचले. योगायोगाने पडलेला फरक दोन्हीकडे विखुरतो, काही चिपमध्ये अधिक, काहींमध्ये उणे. सगळ्या एकाच बाजूला झुकल्या तर दोष मुळातला. आणि तेजलचं सर्किट सिम्युलेशनमध्ये शून्यावर येत होतं.

इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर जुळे हवेत. शीलाने ते समोरासमोर ठेवले होते, आरशातल्यासारखे. पडद्यावर ते फार देखणं दिसत होतं. सरांनी प्रिंट काढून भिंतीवर फ्रेम लावली होती. पण फॅबमध्ये, म्हणजे चिप जिथे बनते तिथे, आयनांचा मारा किंचित तिरका होतो आणि ट्रान्झिस्टरच्या गेटच्या एका अंगाला सावली पडते. दोघांची तोंडं एकाच दिशेला असती, तर सावली दोघांच्याही त्याच अंगाला पडली असती. आरशात ती एकाच्या आतल्या अंगाला पडली, दुसऱ्याच्या बाहेरच्या, आणि जुळेपण गेलं. हे ती एम.एस्सी.ला शिकली होती, परीक्षेत लिहूनही आली होती.

एक तरी उणे येऊ दे, ती मनात म्हणाली.

"अधिक पाच पूर्णांक एक." एकोणिसावी.

विसावीच्या वेळी चंदर सर चहाचा ग्लास घेऊन आत आले. "काय गं तेजल, निघालं काही?"

"अधिक पाच, सर."

शीला उठली आणि फ्रेमपाशी गेली. तिने काचेवर बोट ठेवलं. "सर, तेजलची चूक नाही. इथे आहे. हे दोन मी उलटसुलट ठेवले. एकाच दिशेला हवे होते."

सरांनी चष्मा वर सारून पाहिलं. "हे? ये तो कितना सुंदर है." मग त्यांचा आवाज थोडा सैल झाला. "एवढंच ना? फिरवून टाक. दोन मिनिटांचं काम."

"फिरवून ठेवलंय, सर. सेव्ह केलंय."

"पण चिप छापायचे मास्क परत बनवायला पैसे नाहीत, बेटा," सर हळूच म्हणाले. "किसी के लिए नहीं. तेजल राहिली तरी तिला द्यायला काम नाही. कंपनी बंद होतेय, उद्या सगळ्यांना सांगतो." ग्लास तिथेच ठेवून ते निघून गेले.

तेजल शीलाच्या कॉम्प्युटरपाशी गेली. फोल्डर उघडाच होता. तिने सुधारलेल्या फाइलची तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"तीन तारीख," ती म्हणाली. "आज एकोणीस."

"मला वाटलं, एखादी तरी उणे येईल."

"सोळा दिवस तू माझ्या डब्यातली भाजी खात होतीस, शीला."

शीलाचं बोट अजून काचेवरच होतं. विसावी चिप सॉकेटमधून कुणीच काढली नाही.