खिचडीचा दोष नव्हता

“खिचडीत काय घातलं होतं, तेवढं सांगा,” हॉस्पिटलच्या वॉर्डात वल्लरी मॅडमनी पुन्हा विचारलं.

“तांदूळ, मुगाची डाळ आन् तूप. मी बी तीच खाल्ली. मला काय झालं?” आनंदीबाई म्हणाल्या.

हिंजवडीतलं पाळणाघर वल्लरी मॅडमचं, आणि आनंदीबाई तिथल्या मावशी. तिथली पोरं एकामागून एक जुलाबांनी आडवी झाली होती. दहा महिन्यांच्या आमोदला तर सलाईन लावावं लागलं. पालकांच्या ग्रुपवर खटला चालून निकालही लागला होता: मावशींना काढा. आरोपीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

इतक्यात डॉक्टर पूर्वा रिपोर्ट घेऊन आल्या. “खिचडीचा काही दोष नाही. रोटाव्हायरस आहे. आमोद आता धोक्याबाहेर आहे.”

वल्लरी मॅडमनी ग्रुपवर कळवायला लगेच मोबाईल काढला. आनंदीबाईंची नोकरी वाचली. एखादी शहाणी बाई देवाला हात जोडून घरी गेली असती. पण यांना चौकशीची खोड.

“रोटा म्हंजी? डोळ्यांनी दिसतो का?”

“नाही हो. बाळाच्या शीतून बाहेर पडतो, हाताला लागतो. त्या हातातून दुसऱ्या बाळाच्या तोंडात.”

“आन् हात धुतले तर?”

“साबणाने नीट धुतले तर बराचसा जातो.”

आनंदीबाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, “सोमवारी आमोदला पातळ झाली. आमी म्हटलं, दात येत्यात. टँकर आला नव्हता, नळाला पानी न्हाई. फडक्यानं हात पुसले आन् तसंच बाकीच्यांना भरवलं.”

“आनंदीबाई, पुरे!” मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

“मंग माझ्याच हातानं गेला की, डॉक्टर?”

“खेळण्यांवरूनही जातो. नक्की नाही सांगता येणार.”

“पर जाऊ शकतो?”

“शकतो.”

खाटेवर आमोदला घेऊन बसलेली त्याची आई, तनया, सगळं ऐकत होती. मावशी दिसताच आमोदने दोन्ही हात पुढे केले. आनंदीबाई पुढे झाल्या आणि थबकल्या. त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटली. हात त्यांनी पदराखाली घेतले.

आमोद रडायला लागला. तनयाने आनंदीबाईंकडे बराच वेळ पाहिलं.

“बेसिन तिकडे आहे,” ती म्हणाली. “साबणही आहे.”

आनंदीबाईंनी कोपरापर्यंत साबण चोळला, धुतला, पुन्हा चोळला. नखं घासली. मागचं रडणं हळूहळू थांबलं. त्या वळल्या तेव्हा आमोद आईच्या खांद्यावर झोपला होता. ओले हात तसेच पुढे धरून त्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या.