आक्काच्या रिव्हॉल्व्हरमधलं शिसं

दसरा झाला की कुतुबुद्दीन मिस्त्रींच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आठ-दहा दिवस हळदीकुंकवाचा हंगाम असे. खंडेनवमीला लोक भक्तिभावानं हत्यारं पुजत आणि नळीत कुंकू, तांदूळ, वाटेल ते सांडत. एकदा तर मिस्त्रींनी एका बंदुकीतून अख्खी सुपारी काढली होती. म्हणून त्र्याहत्तर साली बाळासोनं वडिलांचं बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर पुढ्यात ठेवलं, तेव्हा त्यांनी न बघताच निदान केलं, "कुंकू."

"काय असंल ते असू दे. काडतूस आत जात न्हाय. निकामी झालंय म्हणून दाखला द्या, मी पोलिसांत जमा करून मोकळा होतो."

मागं बाकावर त्याची आई बसली होती. तिला मुलासकट सगळे आक्काच म्हणत. नवरा गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला होता.

"कसबा बावड्याच्या मळ्यात एकटी राहती," बाळासो म्हणाला. "गावात चल म्हटलं की म्हणती, घरात हत्यार हाय, मला कसली भीती? अन् वडील गेल्यापास्नं चार वर्सांत पूजा सोडली तर हात लावलाय का कुणी त्याला!"

बाळासो दाखल्यासाठी कागद आणायला गेला.

मिस्त्रींनी रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसांच्या चाकातली सहा घरं दिव्याजवळ धरली. कुंकवाचा कणही नव्हता! प्रत्येक घरात मात्र मध्यावर एक करडी कडी. रॉकेल सोडून, ब्रशला तांब्याची तार गुंडाळून फिरवली, तसे चकचकीत पापुद्रे खाली पडले. गोळ्यांचं शिसं! पूजेनं काही शिसं चढत नाही. या रिव्हॉल्व्हरात आखूड नि लांब दोन्ही काडतुसं चालत, आणि कडी बसली होती ती आखूड काडतूस जिथं संपतं, तिथं. म्हणजे कुणीतरी आखूड काडतुसं शेकड्यांनी उडवली होती, म्हणूनच बाळासोचं लांब काडतूस अडत होतं. मिस्त्रींना आता राहवेना.

"निघतंय का?" आक्कानं विचारलं.

"निघतंय की. पन चढवलं कुनी, आक्का?"

आक्कानं आधी दाराकडं पाहिलं. "तीस वर्सं पूजा मी केली, मिस्त्री, पन मालकांनी कधी उचलू दिलं न्हाय. म्हटलं, बघावं तरी काय हाय ते. कपाटात आखूड काडतुसांची खोकी पडलीवती. आवाज बी बारका. बांधावर करवंट्या मांडल्या."

"लागत्यात?"

"पयल्यांदा बांध सुदिक लागला न्हाय," ती हसली. "आता सहातल्या पाच."

मिस्त्री खो खो हसले. बाई त्यांना फार आवडली.

बाळासो कागद घेऊन परतला. "ल्ह्या दाखला."

"हत्यार झकास हाय. मी खोटं कसं लिहू?" मिस्त्रींनी लांब काडतूस घालून दाखवलं. ते सरळ आत बसलं. मग त्यांनी ते काढून घेतलं. "शिसं साठलंवतं, काढलं."

"शिसं? उडवलं कुनी?"

मिस्त्री फडक्यानं हात पुसत बसले. आक्का उठली. रिव्हॉल्व्हर घेतलं, नळीचं तोंड भिंतीकडं ठेवून उघडलं, सहाही घरं रिकामी असल्याची उजेडात खात्री केली आणि बंद केलं. बाळासो बघतच राहिला.

"आक्का, तू? मला कधी बोलली न्हाईस."

"तू येतोस ते मला न्यायला. मळ्यात दिसभर मी काय करती, ते कधी इचारलंस?"

बाळासो बाकावर बसला. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली आणि खिशात ठेवली.

"किती लांबनं मारतीस?" त्यानं विचारलं.