हिलालच्या बरडावरची खुंटी

शिरपूरच्या पुढं हायवेला लागून आमचं गाव. अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात मोबाइल कंपनीचा सर्व्हेवाला आला. गावातल्या हिलालच्या उंच, खडकाळ बरडावर चढला, नकाशा पाहिला आणि लाल फडक्याची खुंटी ठोकली. चहा पिताना मला म्हणे, "टॉवरला उंच जागा लागते. आसपास मोठी झाडं नसलेली बरी, रेंज अडते. दहा-बारा दिवसांनी साहेब येऊन जागा पक्की करतील, मालकाला महिन्याला भाडं मिळेल."

एवढं ऐकून मी, खोड्याळ लोटन, गप बसतो होय? गावात कुणाच्या मांडवात गाढव शिरलं तरी लोक आधी माझ्या दारात येतात.

अंधार पडायच्या आत खुंटी उपटली आणि शेजारी पितांबरच्या शेतात, आंब्याच्या झाडांमध्ये नेऊन ठोकली. म्हटलं, गडी चार दिवस कडक टोपी घालून टॉवरवाला म्हणून मिरवेल, मग सांगू. वर झाडांचं आणि रेंजचंही त्याला तिखटमीठ लावून सांगितलं.

"मंग मना आंबा?" तो आपल्या झाडांकडं बघत म्हणाला.

"आडवेच येतील बुवा," मी तोंड पाडून म्हणालो. हसू दाबताना पोट दुखलं.

नऊ झाडं. त्यांच्या कैऱ्या त्याची बायको सुंदरबाई लोणच्याला विकायची. त्यावर पोरगी धुळ्याला नर्सिंग शिकत होती.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडं नशिराबादला लग्नाला गेलो. हळद, वरात, जावयाच्या बुटांत चिखल. दहा दिवस कसे गेले कळलंच नाही. परत आलो तर पितांबरच्या शेतात कंपनीची जीप उभी आणि निम्मं गाव गोळा.

आंबे आडवे पडले होते. नऊच्या नऊ. पाला वाळलेला, कैऱ्या सुरकुतलेल्या.

साहेबानं नकाशा पाहिला. "ही जागा नाही. इथं खोलगट आहे. आमची जागा तो बरड."

"साहेब, झाडं तोडी टाकी ना मी," पितांबर म्हणाला. "आते रेंज अडाव नही."

"अहो काका, झाडांना कोण काय म्हणालं? इथं उंचीच नाही."

"खुंटी मी हलवली," मी म्हणालो.

गर्दीतला झुलाल खिंकाळला, "घ्या! आला लोटन थापा माराले! अरे, तू दहा दिवस नशिराबादले व्हता ना?" सगळं गाव हसलं.

"जायच्या आदल्या दिवशी हलवली. आईशपथ."

"शपथ बी घेस!" लोक पोट धरून हसायला लागले. पितांबरही हसला. डोळे पुसत, खोडावर बसून हसला.

सुंदरबाई पुढं आली. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"हासू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "तो खरं सांगी राहिना."

एकेक जण गप झाला. पितांबर मात्र हसतच राहिला.