दहा-दहाची बस

हॅगथ्वेटहून स्केल्डनला बसनं जायचं तर जाऊन-येऊन तिकीट आठ पौंड चाळीस पेन्स. अंतर म्हणाल तर सहा मैल. टॅक्सीवाला जाण्या-येण्याचे अठ्ठावीस घेतो, पण चौघं बसली की माणशी सातच पडतात. म्हणून हॅगथ्वेटची माणसं बसथांब्यावर जमायची, चौघं झाली की टॅक्सी बोलवायची आणि निघून जायची. मागून बस यायची, तिच्यात चिटपाखरू नसायचं. अहो, बसचा ड्रायव्हर बॅरीसुद्धा सुट्टीच्या दिवशी टॅक्सीनं जायचा! कंपनीच्या माणसाला सवलत नाही का, असं विचारलं तर म्हणायचा, "सवलत धरूनच सांगतोय."

ग्लेनिस प्रॉक्टर मात्र बसनंच जायची, कारण तिला चौघं कुठून मिळणार? गाव जायचं शनिवारी, बाजाराला. तिला जायचं असायचं मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचा नवरा विल्फ दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूनं पडला, तो स्केल्डनच्या शुश्रूषागृहात होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, डोकं मात्र लख्ख. शुश्रूषागृह बसथांब्याच्या समोरच होतं. या दोन दिवशी तो सकाळी नऊपासून खिडकीशी खुर्ची लावून घ्यायचा आणि पावणेअकराला पोचणाऱ्या बसमधून उतरणाऱ्या बायकोची वाट बघायचा. ग्लेनिस त्रेसष्ट वर्षांची होती, म्हणजे ज्येष्ठांचा फुकट पास मिळायला अजून तीन वर्षं. एकटीनं टॅक्सी करायची तर आठवड्याला छप्पन्न पौंड. कुठून आणायचे? बस होती म्हणून नवऱ्याचं तोंड दिसत होतं, सरळ हिशेब.

आणि एके दिवशी थांब्यावर कंपनीची नोटीस लागली. येत्या मंगळवारी कंपनीचा माणूस सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुटणाऱ्या, म्हणजे दहा-दहाच्या बसचे प्रवासी मोजणार. बारा भरले तर बस राहील, नाही तर महिनाअखेर बंद. फुकट पासवाले मोजणीत धरणार नाहीत.

गावात लगेच 'बस वाचवा समिती' निघाली. हॅगथ्वेटमध्ये समिती काढायला कारण लागत नाही, इथे तर चांगलं भक्कम कारण मिळालं होतं. हार्डवेअरच्या दुकानाचा डेस्मंड अध्यक्ष झाला, ग्लेनिस सचिव. केक विकून चौऱ्याण्णव पौंड जमले.

"बारा तिकिटं म्हणजे शंभर पौंड ऐंशी पेन्स," डेस्मंड म्हणाला. "सहा पौंड ऐंशी कमी पडतात. अजून एक केक?"

"माझ्याच्यानं आता केक बघवतसुद्धा नाही," ग्लेनिस म्हणाली.

"मग टॅक्सीनं जाऊ. तीन टॅक्सी, चौऱ्याऐंशी. पैसे उरतील."

"अहो डेस्मंड, बस वाचवायला टॅक्सीनं जायचं?"

"तेही खरंच म्हणा," असं म्हणून डेस्मंडनं चहा ओतला.

शेवटी तोडगा ग्लेनिसलाच सुचला. त्याच कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं: लग्न, सहल वगैरेंसाठी बस भाड्यानं, दिवसाचे नव्वद पौंड, माणसं हवी तितकी. बारा तिकिटांपेक्षा अख्खी बस स्वस्त! ग्लेनिसनं दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग बारा कशाला, सगळं गावच नेऊ की! डेस्मंडनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच दुपारी फोन करून बस ठरवली. मंगळवार, सकाळी दहा-दहाला निघायचं, साडेतीनला परत. फोनवरच्या बाईनं विचारलं, "काय प्रसंग आहे?" डेस्मंड म्हणाला, "बस वाचवायची आहे." तिनं 'इतर' असं लिहून घेतलं.

मंगळवारी तेवीस माणसं नटूनथटून बसमध्ये बसली. गाणी सुरू झाली, सँडविचं निघाली. ग्लेनिस दाराजवळच्या पहिल्याच सीटवर होती. खाली थांब्यावर पिवळं जाकीट घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ हातात तक्ता घेऊन उभा होता. हा मोजणीवाला, मिस्टर पिम.

"सुप्रभात," पिम बॅरीला म्हणाले. "दहा-दहाची बस कधी येईल हो?"

"हीच ती," बॅरी म्हणाला. "म्हणजे रोजची हीच. आज नाही. आज ही भाड्यानं गेलीय."

"मग दहा-दहाची कुठाय?"

"साहेब, डेपोत बस एकच आहे. ती भाड्यानं गेली की दहा-दहा रद्द."

बसमधलं गाणं थांबलं. तेवीस माणसांना एकदमच उमगलं की आपण काय करून बसलोय.

"पण आम्ही तेवीस जण आहोत ना!" डेस्मंड मागून ओरडला. "मोजा की! पैसे भरलेत आम्ही!"

"तुम्ही सहलीला निघालात," पिम अगदी मऊ आवाजात म्हणाले. "प्रवासी म्हणजे थांब्यावरून चढणारा. मला वाईट वाटतं, पण नियम तसा आहे."

हे सगळं ग्लेनिसचंच डोकं! केक विकायचे सोडून, शहाणपणा करायला गेली आणि स्वतःच्या हातानं बसचा गळा दाबला. थांब्यावरून चढणारा तो प्रवासी ना, मग थांब्यावर तर उभं राहू, एवढंच डोक्यात आलं आणि ती खाली उतरली. पिमांच्या शेजारी, खांबाला लागून उभी राहिली.

आता कुणी एक माणूस खांबापाशी उभा दिसला की हॅगथ्वेटकरांना राहवत नाही. डेस्मंड उतरून तिच्या मागे उभा राहिला. त्याच्या मागे त्याची बायको, तिच्या मागे पोस्टातली बाई. का, कशासाठी, कुणी विचारलं नाही. "आधी तुम्ही", "नाही नाही, तुम्ही", "सॉरी हं" करत तेवीस माणसांची झकास रांग लागली, आणि समोर बस रिकामी.

"आता आम्ही थांब्यावर आहोत," ग्लेनिस म्हणाली. "बॅरी, आम्हाला चढायचंय. हे घे पैसे."

"अगं बाई, तिकीट कसं फाडू? ही भाड्याची आहे."

"भाड्यानं कुणी घेतलीय?"

"तुम्हीच!"

"मग आमची परवानगी आहे."

"ती लेखी लागते," पिम म्हणाले. "कंपनीकडे. सात दिवस आधी."

समितीची तिथेच बैठक भरली. कुणी म्हणालं, पत्र लिहू. कुणी म्हणालं, आधी चढून घेऊ, भांडू नंतर. पण चढायचं तर रांग मोडायची, आणि पहिला कोण मोडणार? तेवढ्यात बॅरीनं घड्याळ बघितलं. एरवी ही बस कधी वेळेवर सुटली नव्हती, पण करारात दहा-दहा असं शाईनं लिहिलं होतं. त्यानं दार लावलं आणि बस निघाली. रिकामी! तेवीस माणसं रांगेतून तिच्याकडे बघत राहिली. डेस्मंडच्या बायकोची पर्स सीटवरच राहिली.

पिमांनी तक्त्यावर शून्य लिहिलं. मग टोपी काढून ग्लेनिसला म्हणाले, "तुम्हाला स्केल्डनला जायचं होतं का? मी टॅक्सी बोलावलीय. चला, कंपनीच्या खर्चानं."

"कंपनी तुम्हाला टॅक्सी देते?"

"बसचं बिल मंजूर होत नाही," पिम खाली मान घालून म्हणाले. "माणशी महाग पडते म्हणतात."

ग्लेनिसला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. पिमांनी तिला रुमाल दिला आणि टॅक्सीत वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले, सभ्य माणूस.

टॅक्सी यायलाच तासभर लागला होता. ग्लेनिस शुश्रूषागृहात पोचली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मेट्रन मिसेस ओकाफोर दारातच उभ्या होत्या.

"कुठे होता तुम्ही? बस आली, दार उघडलं, कुणीच उतरलं नाही. बॅरी एकटा! तेव्हापासून विल्फ खिडकीवर मूठ आपटतोय. कोट घालून द्या म्हणून खुणा करतोय. तुम्हाला शोधायला निघाला होता हो, या पायांनी!"

विल्फच्या अंगात अर्धा कोट होता. एक बाही डाव्या हातात, दुसरी लोंबत होती. ग्लेनिस दिसली तसा त्यानं डाव्या हातानं तिच्या स्वेटरची बाही धरली आणि तोंड वाकडं करून लहान मुलासारखा रडला. पस्तीस वर्षांच्या संसारात तो तिच्यासमोर कधी रडला नव्हता.

"आले ना रे," ती म्हणाली. "आले. कुठे जातेय मी?"

आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की महिनाअखेरीनंतर त्याला दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी असंच व्हायचं आहे. ती तशीच उठून मेट्रनकडे गेली.

"पाहुण्यांची खोली आहे ना तुमच्याकडे? कितीला?"

"महिन्याच्या बोलीनं घेतली तर दिवसाला सात पौंड, नाश्ता धरून," मिसेस ओकाफोर म्हणाल्या. "कुणी घेतच नाही."

सात पौंड! बसचं तिकीट आठ चाळीस. यायला जेवढे पडतात त्याहून राहायला कमी. ग्लेनिसनं कपाळाला हात लावला. दीड वर्ष कुणी सांगितलं कसं नाही? सांगणार कोण, तिनं विचारलं होतं का कुणाला? घर भाड्यानं दिलं की सगळं भागत होतं. मांजराचं काय ते शेजारीण बघेल, नाही तर इथे घेऊन यायचं.

दुपारभर ती विल्फजवळ बसली. त्यानं बाही काही सोडली नाही, जेवतानाही नाही. साडेतीन वाजता बॅरीची रिकामी बस समोर येऊन उभी राहिली. ती दिसली तशी विल्फनं सवयीनं आपली मूठ उघडली आणि हात मांडीवर ठेवला. ग्लेनिसची जायची वेळ झाली की तो नेहमी असंच करायचा, तिला 'सोड' म्हणायला लागू नये म्हणून.

ग्लेनिस बसून राहिली. बस मिनिटभर थांबली, दार मिटलं, निघून गेली. विल्फ बसकडे बघत होता, मग तिच्याकडे बघायला लागला. मग परत रस्त्याकडे बघितलं. तिला बस चुकली असं वाटून तो घाबरा झाला, आणि डाव्या हातानं तिला दाराकडे ढकलायला लागला.

"नाही रे," ग्लेनिस म्हणाली. "मला जायचंच नाहीये."