बुडबुडा मध्यभागी होता

१७ एप्रिल, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे राहून तात्यांनी, नुकत्याच भिंतीवर अडकवलेल्या एसीच्या वरच्या कडेवर तिसऱ्यांदा पाणसळ ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा जरा घुटमळला आणि दोन रेघांच्या नेमका मध्ये येऊन थांबला.

“बरोबर आहे,” तात्या म्हणाले.

“नाही,” पलंगावर पडल्या पडल्या त्यांची पत्नी म्हणाली. “डावीकडे उतरलंय.”

मेकॅनिक गॅलरीच्या दारात पाना घेऊन उभा होता. बाहेरचे यंत्र त्याने सकाळीच स्टँडवर चढवले होते. भिंतीला भोक पाडून तांब्याच्या नळ्या बाहेर काढून झाल्या होत्या. त्या जोडल्या की काम संपणार होते. पण नळ्या जोडल्यावर एसी हलवायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सारे आले, म्हणून तो थांबला होता. एकदा काकांकडे पाहत होता, एकदा काकूंकडे.

“काकू, पाणसळ कधी खोटं बोलत नाही हो.”

“मग मी बोलते का?”

मेकॅनिकने पाना या हातातून त्या हातात घेतला.

तात्या खाली उतरले नाहीत. नऊ दिवसांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ती पडली होती आणि तिचे डोके नळाच्या तोटीवर आपटले होते. परवा घरी सोडताना डॉक्टरांनी तात्यांना एकट्याला बाहेर बोलावून सांगितले होते, “विश्रांती द्या, उकाड्याचा त्रास होऊ देऊ नका. पण सरळ वस्तू वाकड्या दिसतात म्हणाल्या, तर वेळ घालवू नका. तडक घेऊन या.” हे तिला सांगायचे नाही, असे तात्यांनी जिना उतरता उतरताच ठरवले होते. एसी त्या उकाड्यासाठीच घेतला होता.

त्यांनी पाणसळ उचलली, तिची टोके उलटसुलट करून पुन्हा ठेवली. उपकरणात दोष असेल तर अशा वेळी बुडबुडा सरकतो, हे ते तंत्रशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकले होते. बुडबुडा सरकला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो सरकावा असे त्यांना वाटले होते.

“अगं, हा दरवाजा कसा दिसतो?”

“दरवाज्यासारखा.”

“तसं नव्हे. चौकट सरळ आहे?”

“आहे.”

“कपाट?”

“तेही आहे. अहो, तुम्ही एसी बसवताय की माझी परीक्षा घेताय?”

“बरं, ही बोटं किती?”

“तीन. आणि मधल्याचं नख वाढलंय, कापा आधी.”

मेकॅनिक हसला. तात्यांना हसता आले नाही. दरवाजा सरळ, कपाट सरळ, वाकडा फक्त एसी. आजार असा वस्तू निवडून येतो का? की ही नुसती सुरुवात होती? त्यांनी खिशातून फोन काढला, डॉक्टरांचा नंबर शोधला आणि फोन परत खिशात ठेवला. मग खाली उतरून मेकॅनिकला हळूच विचारले,

“तुझी गाडी खाली आहे ना?”

“आहे की. काही आणायचंय का?”

“नाही. असू दे.”

“काय कुजबुज चाललीय?” पत्नी म्हणाली. “इतकी वर्षं तुमच्या त्या बुडबुड्याच्या भरवशावर संसार केला, एकदा माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवलात तर काय बिघडेल?”

“ठेवतो,” तात्या म्हणाले. “जरा उठून बसतेस? आपण बाहेर जाऊन येऊ.”

“या उन्हात? कुठे?”

ते तिच्या मानेखाली हात घालायला वाकले. त्यांचे डोके तिच्या उशीला टेकले, आणि सवयीने त्यांची नजर वर गेली.

एसी डावीकडे उतरला होता.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. उतरलेलाच होता. ते ताठ उभे राहिले. आता तर उभ्यानेही तो उतरलेलाच दिसू लागला. दोघांचेही डोके एकदमच फिरावे, हे कुठल्या शास्त्रात बसत नव्हते.

“तू इकडे ये,” त्यांनी मेकॅनिकला बोलावले. “इथे उशीपाशी वाक आणि बघ.”

मेकॅनिक संकोचाने गुडघ्यांवर बसला. मान तिरकी करून त्याने बराच वेळ पाहिले.

“हो की काका! पण मी तर लेव्हल धरूनच पट्टी ठोकलीय. तुम्हीही पाहिलंत.”

तात्या एसीकडे पाहत नव्हते. त्यांची नजर त्याच्या वर, छताच्या कडेवर गेली होती. एकतीस वर्षांपूर्वी हा स्लॅब टाकला तेव्हा ते दिवसभर दोरी धरून उन्हात उभे होते. “आमच्या स्लॅबला सूतभर फरक नाही,” हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चहाआधी ऐकले होते. छत चुकीचे असू शकेल, हा विचार इतक्या वेळात त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

टेप घेऊन ते शिडीवर चढले. एसीच्या उजव्या टोकापासून छतापर्यंत सोळा सेंटिमीटर भरले. खाली उतरून त्यांनी शिडी सरकवली, पुन्हा चढले आणि डावीकडे टेप लावला.

“किती?” मेकॅनिकने विचारले.

तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा माप घेतले. त्यांचे खांदे हलत होते. मेकॅनिकने शिडी घट्ट धरली.

“काका, मनाला लावून घेऊ नका. होतं असं. वाटलं तर छताच्या रेषेत करून देतो.”

“अहो, तुम्ही हसताय?” पलंगावरून पत्नी म्हणाली. “घर वाकडं निघालं म्हणून?”

“हो,” तात्या म्हणाले. त्यांनी बाहीने डोळे टिपले. “चांगलं सणसणीत वाकडं आहे.”

“आणि ते बाहेर जायचं?”

“कशाला? ऊन केवढं आहे!”

मेकॅनिकला काही उमगले नाही. त्याने पुन्हा विचारले, “पण भरलं किती?”

डावीकडे सतरा सेंटिमीटर एक मिलिमीटर भरले होते. फरक अकरा मिलिमीटर.