कपाळावरचं पाणी

मिशनच्या शाळेतून सातवी होऊन बाहेर पडताना एलिझाबेथच्या वर्गातल्या मुलींनी मदरसमोर नेम घेतला होता: रोज एका दुखणाइताची सेवा केल्याखेरीज तोंडात घास घालायचा नाही. पुढं एकेकीची लग्नं झाली आणि नेम चुलीत गेले. राहिल्या दोघी, एलिझाबेथ आणि दया.

लढाई चालू होती त्या सालात राहात्याकडच्या खेड्यांत ओकारी-जुलाबाची पटकी आली. दोघी झोळीत तांदूळ, मीठ आणि चमचा घेऊन दारोदार हिंडू लागल्या. एलिझाबेथच्या झोळीत एक बाटलीही असे. माणूस आता जाणार असं दिसलं की कपाळावर पाणी घालून हळूच बाप्तिस्मा द्यावा, आत्मा तरी सुटेल, असं शाळेत शिकवलेलं. ती ते फार जपून करी. धडधाकटाला कधी नाही. डोळे फिरले, हातपाय गार पडले, की मगच.

तिथंच सगळं फसलं. बाई बाटली काढते आणि माणूस जातं, एवढंच लोकांना दिसत होतं.

"मरीआईचं येका कोंबड्यावर तरी भागतं," छगन न्हावी चावडीपुढं म्हणाला. "या बाया नुसत्या पान्यावर मानूस नेत्यात."

लोक हसले. त्या हसण्यानंतर दारं लागायला लागली. आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या नबीलालच्या घरची कडी आधी लागली, मग सगळ्या आळीचीच.

राहीबाईनं मात्र दार उघडलं. तिचा नवरा सहादेव पलटणीत गेलेला, घरात दुसरं माणूस नाही, आणि एकुलता भीमा सकाळपासून ओकत होता.

"या बाई. पर ती बाटली भाईर ठिवा."

"त्यात नुसतं पाणी आहे, राहीबाई."

"नुसतं आसंल तर भाईर ऱ्हायलं म्हून काय बिघडतंय?"

एलिझाबेथनं बाटली बाहेर ओट्यावर ठेवली.

"भीमाच्या कपाळाला थेंब लावायचा न्हाई. तुमच्या मरियेची आन घ्या."

"मरियेची आन. नाही लावणार."

मग ती मुलाच्या उशाशी बसली. उकळून गार केलेल्या वाटीभर पाण्यात मीठ-गूळ घालून चमचा-चमचा पाजत राहिली. एकदम पाजलं की उलटतं, म्हणून एक चमचा, थोडं थांबायचं, पुन्हा एक. ऊन कलायच्या सुमाराला भीमानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आये, पेज."

"बापावानी हुकूम सोडतोय मेला," राहीबाई डोळे पुसत म्हणाली आणि चुलीकडं गेली.

तेवढ्यात पोराचे हात गार पडले. बुबुळं वर गेली. एलिझाबेथनं असे डोळे त्या महिन्यात पुष्कळ मिटले होते. हे लेकरू चाललं, तिला वाटलं. आन मोडावी तर मरियेला तोंड कसं दाखवायचं, आणि पाळावी तर हा जीव तसाच जाणार. तिनं वाटीतलंच पाणी ओंजळीत घेतलं आणि ओठ हलवत भीमाच्या कपाळावर सोडलं.

राहीबाई पेजेचं भांडं घेऊन वळली होती. ती ओरडली नाही. भांडं खाली ठेवून तिनं पदरानं पोराचं कपाळ पुसलं, कातडी लाल होईस्तोवर.

"उठा."

"राहीबाई, माझं काहीही करा, पण त्याला पाणी पाजत राहा—"

"उठा म्हनलं न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जपमाळ ओढून एलिझाबेथ पुन्हा त्या दारी गेली. राहीबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर काल राहून गेलेला चमचा.

"पहाटेपत्तुर हुता," ती म्हणाली.

"पहाटेपर्यंत?" एलिझाबेथ तिथंच खाली बसली. "मग पाणी…"

"मागत हुता. सारखा पानी, पानी. म्या घातलं न्हाई. तुमी त्येच्यातलंच कपाळावर घातलेलं पाह्यलं, मग वाटीला हात लावायचं भ्या वाटलं." तिनं चमचा पुढं केला. "घिऊन जा. बाटली बी हाय थितंच. तुमच्या मरियेची आन म्या खरी धरली हुती, बाई."

मिशनमध्ये मदरनी सगळं ऐकून घेतलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाल्या, "एक जीव स्वर्गात गेला, मुली. देवाचे आभार मान."

एलिझाबेथनं मान खाली घातली. आभार काही तोंडातून निघाले नाहीत.

परतताना दयानं बाभळीखाली फडकं सोडून भाकरी पुढं केली. "खा गं. कालपासून उपाशी आहेस. नेम झाला ना कालचा?"

"कुणाची सेवा केली मी काल?"

एलिझाबेथनं भाकरी होती तशी बांधून ठेवली. मग झोळीतून बाटली काढली, बूच उपटलं आणि पाणी बाभळीच्या बुडाशी ओतलं. वाळल्या मातीनं ते बघता बघता शोषून घेतलं, आणि तिच्या मनात आलं, एवढ्यात किती चमचे झाले असते.